उपहास कोणाचा?

उपहासात्मक वाङ्मय मनुष्यस्वभावातील दोष उघडे करते, हे विधान आता इतके रूढ झाले आहे की ते सिद्ध करण्याचे श्रम कोणी घेत नाही. शालेय निबंधापासून पदवी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपर्यंत ते आढळते आणि परीक्षकही त्यापुढे समाधानाने बरोबरची खूण करतो. मीही ती वर्षानुवर्षे केली आहे. परंतु दोष उघडे होतात ते कोणाचे, आणि ते दिसतात कोणाला, हा प्रश्न त्या विधानात अनुत्तरितच राहतो. जोनाथन स्विफ्ट याने १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका ग्रंथाच्या प्रास्ताविकात उपहासाला आरशाची उपमा दिली आहे. पण हा आरसा असा की, त्यात पाहणाऱ्याला इतर सर्वांचे चेहरे दिसतात, स्वतःचा तेवढा दिसत नाही. उपहासावर एवढा लोक रागावत का नाहीत, याचे कारण त्याने हेच दिले आहे. उपहासकलेत ज्याचा हात धरणारा क्वचितच सापडेल, त्याची ही कबुली आहे. ती गंभीरपणे घेतली तर आपल्या अभिजात कथावाङ्मयाकडे थोड्या निराळ्या दृष्टीने पाहावे लागते.

आपल्याकडे हा अनुभव नवा नाही. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी समर्थांनी मूर्खाची लक्षणे सांगितली आणि त्याच दशकाच्या अखेरच्या समासात पढतमूर्खाचीही सांगितली. गावात पोथी लागली असता मी हे समास अनेकदा ऐकले आहेत. एकेक लक्षण वाचले जात असताना कोणाची मान खाली गेलेली मी पाहिली नाही. ती शेजाऱ्याकडे वळते. पढतमूर्खाचा समास निघाला म्हणजे मात्र सर्वांच्या माना एकदम शाळामास्तराकडे वळतात, हे स्वानुभवाने सांगतो. यात उणेपणा समर्थांच्या वाणीचा नव्हे. कोणतीही यादी ऐकणाऱ्याला निवडीचे स्वातंत्र्य देते. त्यातले जे ज्याला लागू करावयाचे, ते तो करतो. कथेत हे स्वातंत्र्य पुष्कळसे कमी होते, कारण तेथे वाचकाला कोणा एकाच्या शेजारी बसावेच लागते. तो कोणाच्या शेजारी बसतो, यावर उपहासाचे सारे फळ अवलंबून आहे, असे माझे मत आहे.

हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रातून क्रमशः येऊ लागली. तिच्यातील शंकरमामंजी हे मराठी कादंबरीतील ढोंगाचे पहिले मोठे चित्र होय. बाहेर धर्माचे अवडंबर आणि आत लोभ व क्रौर्य, ही विसंगती यमूच्या घरगुती बोलण्यातून अशी उलगडत जाते की, वाचक त्या गृहस्थाचा तिरस्कार केल्यावाचून राहत नाही. विधवा झालेल्या यमूच्या केशवपनाच्या प्रसंगी तर उपहासाचा मागमूसही उरत नाही. उरतो तो संताप. वाचक येथे आरंभापासून यमूच्या शेजारी बसलेला आहे, आणि ते योग्यच आहे; कारण ती सोसणारी आहे. परंतु याच योजनेमुळे शंकरमामंजी नेहमी समोरचा राहतो. तो आपल्या घरात असू शकेल, आपल्या वडीलमाणसांत किंवा खुद्द आपल्यात असू शकेल, ही शंका वाचकाला सहसा शिवत नाही. यमूसाठी अश्रू ढाळणाऱ्या त्या पिढीतील किती घरांत पुढे तोच प्रसंग ओढवला असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. अश्रू खोटे होते असे मला म्हणावयाचे नाही. दोष दिसला, पण दुसऱ्याचा दिसला, एवढेच म्हणावयाचे आहे.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी यानंतर दहाबारा वर्षांतच जे केले ते याहून सर्वस्वी वेगळे होते, आणि आपल्या टीकेने त्याची पुरती दखल अद्यापि घेतलेली नाही. कोल्हटकर आमच्या जवळचे. जन्म १८७१ साली नागपूरचा, वकिली वऱ्हाडात खामगाव व जळगाव-जामोद येथे. १९०२ साली 'विविधज्ञानविस्तारा'त 'साक्षीदार' हा त्यांचा पहिला विनोदी लेख आला. पुढे असे अठरा लेख जमले तेव्हा त्यांचे 'अठरा धान्यांचे कडबोळे' झाले, आणि संख्या बत्तीस झाल्यावर 'सुदाम्याचे पोहे' हा ग्रंथ आज आहे त्या रूपाला पोचला. हे लेख आहेत, कथा नव्हेत, असा आक्षेप कोणी घेईल. पण सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट लेखामागून लेखात वावरते, त्यांचा स्वभाव आपल्याला परिचित होत जातो, आणि अखेरीस एका लहानशा गावात राहून आल्यासारखे वाटते. कथात्म वाङ्मयाकडून याहून वेगळी अपेक्षा आपण करीत नाही.

या ग्रंथाची युक्ती कोणती? कोल्हटकरांच्या आधी आगरकरांनी 'सुधारका'तून याच रूढींवर शस्त्र धरले होते. श्राद्धे, सोवळे, शिमगा, केशवपन यांवर त्यांनी जी तर्कशुद्ध टीका केली, तिला तोड नाही. पण तर्काला तर्काने उत्तर देता येते, निदान तसा प्रयत्न तरी करता येतो; आणि उत्तर सुचले नाही तर सुधारकाच्या शेंडीवर, कपड्यावर, चहावर घसरता येते. सनातनी वाचकाने हेच केले. सुदाम्याशी मात्र त्याला भांडता येईना. कारण सुदामा त्याच्याच पक्षाचा! श्रावणी असो, गणेशचतुर्थी असो की शिमगा असो, सुदामा रूढीच्या बचावासाठी उभा राहतो, मनापासून उभा राहतो आणि आपल्या घरी जी कारणे दिली जातात तीच तो गंभीर मुद्रेने देऊ लागतो. फक्त तो थोडे अधिक बोलतो. वकिलीचा ज्यांना अनुभव आहे ते सांगतील की, उलटतपासणीत खटला बुडतो तो पुष्कळदा प्रतिपक्षाच्या साक्षीदारामुळे नव्हे, तर आपल्याच अतिउत्साही साक्षीदारामुळे. कोल्हटकरांचा पहिला लेख नेमका साक्षीदारावर असावा, हा मला केवळ योगायोग वाटत नाही. पुढच्या एकतीस लेखांत त्यांनी रूढीच्या बाजूचा असाच एक साक्षीदार पिंजऱ्यात उभा केला आणि त्याला मोकळेपणी बोलू दिले.

येथे वाचकाची जागा बदलली, हे ध्यानात घेतले पाहिजे. यमूच्या शेजारी बसलेला वाचक आता सुदाम्याच्या शेजारी येऊन बसला. प्रथम तो हसतो ते बंडूनानाला. मग सुदामा बंडूनानाचे समर्थन करतो तेव्हा सुदाम्याला हसतो. आणि काही पानांनंतर त्याच्या ध्यानात येते की, सुदाम्याने आता जे कारण दिले ते गेल्या वर्षी आपणच आपल्या धाकट्या भावाला दिले होते. हसू थांबत नाही, पण त्याची चव बदलते. गोगोलने 'मृतात्मे' (१८४२) या आपल्या कादंबरीच्या पहिल्या भागाच्या शेवटी वाचकाला थेट विचारले आहे की, या लुच्च्या नायकाचा काही अंश आपल्यात नाही ना, असे एकांतात स्वतःला विचारणारे तुमच्यांत किती जण निघतील? गोगोलला हे मोठ्याने विचारावे लागले. कोल्हटकर ते न विचारता घडवून आणतात. दोघांच्या प्रतिभेची तुलना करण्याचा माझा हेतू नाही; गोगोलच्या जगाचा विस्तार कोल्हटकरांजवळ नाही. पण या एका बाबतीत आमचा वऱ्हाडी वकील कमी पडत नाही.

'चोरांचे संमेलन' या लेखाचे उदाहरण घ्यावे. परिषदा आणि संमेलने यांचा तो सुकाळ होता. अशा वेळी चोरांनीही आपल्या धंद्याच्या उत्कर्षासाठी रीतसर संमेलन भरवावे, या कल्पनेतच सारे आले. वरवर पाहता चोरांची थट्टा आहे. पण चोर हे केवळ निमित्त. त्यांनी भाषा उचलली आहे ती सभ्य गृहस्थांची, आणि चोरलेल्या मालात तोच माल सर्वांत मौल्यवान आहे. पुढे १९२७ साली पुणे येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद खुद्द कोल्हटकरांकडेच आले. त्या दिवशी व्यासपीठावर बसताना त्यांना आपला तो लेख आठवला असेल काय, हा प्रश्न माझ्या मनात अनेकदा येऊन गेला आहे. आपल्या संस्थांच्या वार्षिक सभांना मीही हजर असतो, ठराव मांडतो आणि अनुमोदनही देतो. तेव्हा या प्रश्नाचा रोख केवळ त्यांच्याकडे ठेवणे बरे नव्हे.

मग अशा ग्रंथाचे आपण काय केले? त्याच्या कर्त्याला विनोदाचे जनकत्व दिले, आणि विद्यार्थ्यांना त्याच्या कोट्यांचे प्रकार पाठ करावयास लावले. शाब्दिक कोटी, प्रासंगिक विनोद, स्वभावनिष्ठ विनोद, अतिशयोक्ती: प्रत्येकी दोन उदाहरणे द्या. मी स्वतः ही प्रश्नपत्रिका काढली आहे. उपहास हा विनोदाचा एक पोटप्रकार ठरवून टाकला म्हणजे तो सोसण्याची जबाबदारी राहत नाही. मग त्याचे वर्गीकरण तेवढे करावे लागते.

कोल्हटकरांच्या लेखनात दोष नाहीत असे नाही. कोटीचा मोह त्यांना आवरत नाही. एका शब्दाला पकडले की त्याचे दोन्ही अर्थ पिळून काढल्यावाचून ते सोडीत नाहीत, आणि यात पुष्कळदा मूळ प्रहार बोथट होतो. वाक्ये लांब, रचना पंडिती. त्यांचे जग पांढरपेशा ब्राह्मण गृहस्थांचे. त्यात कुणबी येतो तो क्वचित, आणि स्त्रिया बहुधा पडद्याआड बोलतात. परंतु हा शेवटचा आक्षेप मांडताना एक गोष्ट विसरू नये. ज्या वर्गावर ते हसले तो त्यांचा स्वतःचा होता.

त्यांचे शिष्यत्व अभिमानाने सांगणाऱ्या गडकऱ्यांचा देह १९१९ च्या जानेवारीत सावनेरला पडला. आमच्या सौंसरपासून ते गाव दूर नाही. 'बाळकराम' या नावाने त्यांनी ठकीच्या लग्नाची जी मोहीम रंगवली, तिची गंमत अद्याप उतरलेली नाही. तरी मला असे वाटते की, गडकऱ्यांच्या कल्पनेची भरारी उपहासाला मारक झाली. त्यांच्या हाती दोष इतका फुगतो की तो कोणाच्याच अंगाला बसत नाही. आणि जो अंगरखा कोणालाच बसत नाही, त्याची थट्टा सर्वांना सारखीच गोड लागते. अपवाद 'एकच प्याला'तील तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाचा. तेथे दारूबाजांनी सार्वजनिक संस्थांची भाषा उचलली आहे, आणि ते आपल्याला फार जवळचे वाटते.

चिं. वि. जोशी यांचा चिमणराव (१९३३ साली त्याचे 'चऱ्हाट' ग्रंथरूपाने आले) हा खरे पाहता सुदाम्याचाच वंशज. तोही स्वतःच स्वतःची हकीकत सांगतो आणि सांगता सांगता आपले भित्रेपण, आपला पोकळ डौल, आपली कारकुनी धूर्तता उघडी करतो. परंतु चिमणरावावर आपले प्रेम बसते. राघू, मैना, मोरू यांच्या त्या गजबजलेल्या घरात वाचक पाहुण्यासारखा वावरतो, आणि पाहुण्याने यजमानाचे दोष मनावर घ्यावयाचे नसतात. आपण सारे असेच आहोत, असे म्हणून तो पुस्तक मिटतो. पाली भाषेच्या या अध्यापकाच्या लेखणीतले निर्मळपण मला मान्य आहे, आणि थकव्याच्या वेळी मी चिमणरावाकडेच वळतो. पण 'आपण सारे असेच' या म्हणण्यात एक प्रकारची माफी असते, आणि ती आपणच आपल्याला दिलेली असते. सुदामा अशी माफी देत नाही.

आतापर्यंतच्या विवेचनावर एक रास्त आक्षेप येईल. उपहासाने वाचकाला स्वतःकडे वळवावे, ही कसोटी सर्वत्र लावता येईल काय? जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' नाटक लिहिले. त्यात भोळ्या कुणबी दांपत्याला लुबाडणारा जोशी आहे. 'दीनमित्र'कार मुकुंदराव पाटलांच्या 'ढढ्ढाशास्त्री परान्ने' या कादंबरीचे लक्ष्यही पुरोहितवर्गच होय. या लेखकांना 'तुम्ही आधी स्वतःकडे पाहा' असे सांगणे हा उद्धटपणा ठरेल. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने समोर बोट दाखविले पाहिजे. यमूनेही तेच केले. स्वतःकडे वळण्याचे कर्तव्य येते ते अन्याय करणाऱ्याच्या, किंवा त्यापासून लाभ घेणाऱ्याच्या पंक्तीत बसलेल्यावर. म्हणून फुल्यांचा उपहास आणि कोल्हटकरांचा उपहास एकाच मापाने मोजू नयेत. दोन्ही हवेत. फक्त, ज्याने पहिला लिहावा त्याने दुसरा लिहिला तर ते भित्रेपण होते, आणि ज्याने दुसरा लिहावा त्याने पहिला लिहिला तर ढोंग होते.

आमच्या तिगावासारख्या ठिकाणी राहणाऱ्याला आणखी एक सोय आहे. १९५६ च्या पुनर्रचनेत विदर्भ महाराष्ट्राच्या वाटेने गेला आणि आमचा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून वेगळा जिल्हाही झाला. घरी मराठी आणि शाळेत हिंदी, अशी आमच्या मुलांची दुहेरी वाट आहे. तिचे तोटे पुष्कळ आहेत व त्यांवर स्वतंत्र लेख होईल. पण एक लाभ असा की, सुदाम्यासह हरिशंकर परसाई आणि श्रीलाल शुक्ल हे दोघेही आमचेच होतात. परसाईंचे जन्मगाव जमानी हे इटारसीजवळचे, म्हणजे आमच्या गावावरून जाणाऱ्या लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाचे.

परसाईंची 'भोलाराम का जीव' ही कथा पुष्कळांच्या परिचयाची आहे. निवृत्त भोलाराम पेन्शनची वाट पाहता पाहता मरतो. त्याचा जीव यमलोकी पोचतच नाही. शोध घेत नारद कचेरीत येतात, साहेब त्यांच्याकडून 'वजन' म्हणून वीणा ठेवून घेतो, आणि अखेर तो जीव सापडतो पेन्शनच्या कागदांत अडकलेला. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शाळेत असताना, मी ही कथा वर्गात वाचून दाखविली. मुले पोट धरून हसली. मीही हसलो आणि सरकारी कचेऱ्यांवर दोन वाक्ये आवेशाने बोललो. एका मुलाने विचारले, "सर, नारदाची वीणा मग परत मिळाली का?" कथेत तसे काही नाही, असे मी सांगितले. तास संपवून मी खोलीत आलो आणि मेजाच्या खणातून दुसरेच काही काढताना निवृत्त झालेल्या एका शिपायाची सेवापुस्तिका हाती लागली. जन्मतारखेच्या नोंदीत खाडाखोड आहे, या सबबीवर ती माझ्या सहीवाचून दोन महिने तेथे पडली होती. खाडाखोड खरीच होती. पण तो माणूस एकदा सर्व शिक्षकांसमक्ष मला उलट बोलला होता, हेही खरे होते, आणि दोहोंपैकी कोणत्या कारणाने ती पुस्तिका खणात राहिली हे मला ठाऊक होते. वीणा मी मागितली नव्हती. मला नुसता नमस्कार हवा होता. सही मी त्याच दिवशी केली. दोन महिने मात्र त्याला परत देता आले नाहीत.

तेव्हापासून कोणत्याही उपहासकथेच्या बाबतीत मी वाचकाची जागा तपासून पाहतो, आणि ही टीकादृष्टी कोणत्या ग्रंथातून मिळालेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

श्रीलाल शुक्लांची 'राग दरबारी' (१९६८) ही कादंबरी या दृष्टीने विशेष मननीय आहे. शिवपालगंज हे गाव, तेथील सर्वसत्ताधीश वैद्यजी, त्यांच्या मुठीतले छंगामल विद्यालय इंटर कॉलेज आणि त्याचे प्रिन्सिपल. हे प्रिन्सिपल भावनेच्या भरात आले की खडी बोली सोडून अवधीत बोलू लागतात. ते वाचताना मी पुस्तक क्षणभर बाजूला ठेवले होते. कारण रागावलो की माझीही शाळेतली हिंदी सुटते आणि तिगावची मराठी तोंडी येते, हे माझ्या विद्यार्थ्यांना पक्के ठाऊक आहे. परंतु शुक्लांचा खरा प्रहार प्रिन्सिपलवर नाही, वैद्यजींवरही नाही. तो रंगनाथावर आहे. हा एम. ए. झालेला, संशोधन करणारा तरुण प्रकृती सुधारण्यासाठी मामाच्या गावी येतो, सारे पाहतो, सारे त्याला समजते. तहशिलीतून नकल मिळावी म्हणून लाच न देता खेटे घालणारा लंगडही त्याला दिसतो. रंगनाथ अस्वस्थ होतो, चर्चा करतो, आणि शेवटी निघून जाण्याचा विचार करतो. म्हणजे तो वाचकच आहे. शहरी, सुशिक्षित, दोष अचूक ओळखणारा आणि ओळखल्यावर आपले काम संपले असे मानणारा. स्विफ्टच्या आरशात जो चेहरा दिसत नव्हता तो येथे दिसतो.

सुदामा आणि रंगनाथ यांच्यात साठसत्तर वर्षांचे अंतर आहे. सुदाम्याला आपले दोष कळत नाहीत, रंगनाथाला सर्वांचे कळतात. पण सुदामा गाव सोडून कोठे जात नाही. त्याला श्रावणीला जावयाचे आहे, शेजाऱ्यांशी भांडावयाचे आहे, पुन्हा त्यांच्याच पंक्तीला बसावयाचे आहे. दोष असलेल्या माणसांत राहून, त्यांच्यापैकीच एक होऊन लिहिलेला उपहास मराठीत नंतर फारसा आला नाही, आणि आपण तो विनोदाच्या कपाटात ठेवून दिला.

अडचण एवढीच की, तो आता समजत नाही. श्रावणी, पंचगव्य, सोवळे या शब्दांपाशी आमचा दहावीचा विद्यार्थी अडखळतो. त्याच्या घरी यांतले काही उरलेले नसते, किंवा कधी नव्हतेच. ज्या संस्थांना हे काम करता येण्यासारखे आहे त्यांनी 'सुदाम्याच्या पोह्यां'ची, निदान त्यातील आठदहा लेखांची, टीपांसह शालोपयोगी आवृत्ती काढावी. टीपा लिहिणाऱ्याने कोट्यांची उकल करण्यात पाने खर्च करू नयेत. प्रथा काय होती, ती कोणाच्या सोयीची होती, आणि सुदामा कोणाची बाजू घेतो आहे, एवढे प्रत्येक लेखाच्या आरंभी चारपाच ओळींत सांगितले तरी पुरे.